बास ॲक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह?

१४ एप्रिल जवळ आला की नांदेड-लातूरच्या वस्त्यांत वर्गणी सुरू होते. विहारासाठी साऊंड घ्यायला गेलो की दुकानदार विचारतो, बास ॲक्टिव्ह देऊ की पॅसिव्ह?

पॅसिव्ह पेटीत ॲम्प्लिफायर नसतो, तो बाहेरून जोडायचा. तो बिघडला तर शेजारच्या मंडळाचा आणून भागते. मात्र ओहम जुळले पाहिजेत. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहमचा होतो. न झेपणारा ॲम्प्लिफायर तापून जळतो, आणि वर्गणीही त्याच्याबरोबर जाते. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर पेटीतच, कंपनीने जुळवलेला. वीज आणि मिक्सरची वायर दिली की झाले. पण आतला बोर्ड गेला की पेटी मुकी.

वायरिंग जाणणारा पोरगा वस्तीत नसेल तर आम्ही ॲक्टिव्हच घ्या म्हणू. वंदनेला तर बास लागतच नाही!

बासच्या पेटीला साधारण १०० हर्ट्झच्या खालचेच सूर द्यावेत. ही चाळणी ॲक्टिव्हमध्ये सहसा पेटीच्या मागेच असते. पॅसिव्हला क्रॉसओव्हर बहुधा वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च धरा. चाळणी नसली आणि बास चढवला तर ढोलकी दणकते, शब्द बुडतात. पैसे देण्याआधी दुकानातच वामनदादा कर्डकांचे गाणे लावा आणि रस्त्यावर उभे राहून शब्द कळतो का ते ऐका.