बेडं होतं तिथं

गौरी-गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतले, वाडी पुन्हा रिकामी झाली, आणि सप्टेंबर २०२५ मधल्या एका सकाळी मास्तरांनी खंड्याला घेऊन सड्यावर जायचं ठरवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चढाव नको. तेरा वर्षांचा गावठी कुत्रा. मूत्रपिंडं थकलेली, मागच्या पायांचे सांधे आखडलेले. दिवसभर पाणी पितो, रात्रभर उठून बाहेर जातो. मासळी बंद, मीठ बंद. बांगड्याच्या डोक्यांवर वाढलेल्या जनावरापुढे दुधीचा फिका भात आला, तेव्हा त्याने थाळा हुंगला आणि मास्तरांच्या बायकोकडे असं पाहिलं, की तिने आधी डॉक्टरांचा उद्धार केला नि दुसऱ्या दिवशी भातावर चमचाभर कालवण चोरून ओतलं. मास्तरांना ते दिसलं होतं. ते काही बोलले नाहीत.

वाट तशी साधी. परसाच्या मागून जांभ्या दगडाची पाखाडी, तिच्यावर काजूच्या बागा, मग गुडघाभर उंचीचा गडगा, गडग्यात बांबूचं बेडं, आणि बेडं सरकवलं की सडा. रत्नागिरी आणि राजापूर यांच्या मधल्या पट्ट्यात असे सडे डोंगरांच्या माथ्यावर मैलोन्‌मैल पसरलेत. उन्हाळ्यात पाय भाजावेत असा काळा कातळ, पावसाळ्यात त्याच कातळाच्या खळग्यांत साचलेलं घोटाभर पाणी. सप्टेंबरात तिथे सीतेची आसवे फुलतात. नाव इतकं हळवं, पण वनस्पती कीटकभक्षी. कातळावरच्या बोटभर मातीत पोषण मिळत नाही, म्हणून ती मुळांसारख्या धाग्यांवर इवल्या पिशव्या बाळगते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेते. शेजारी गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा रंग. मास्तरांनी तीस वर्षं चौथीच्या पोरांना हे दाखवलं. आता त्यांतली निम्मी पोरं नालासोपाऱ्यात राहतात.

या वाटेचा इतिहास सांगायचा तर पहिली काही दशकं उडवायला हरकत नाही. गुरं वर जात, संध्याकाळी खाली येत. शिमग्याला गवत, पावसात चिखल. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून हापूसची कलमं उभी राहिली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. गावात भाषणं झाली. सड्याला त्याचं फारसं काही वाटलं नसावं.

खरी उलथापालथ खंड्याच्या हयातीतली.

तो सापडला २०१२ च्या मे महिन्यात, एका चिरेखाणीच्या कडेला, लाल धुळीने इतका माखलेला की धुतल्यावर वेगळंच कुत्रं निघालं. त्या वर्षापासून रोज सकाळी सहाला दोघं सड्यावर. खंड्या पुढे, मास्तर मागे. टिटवीची अंडी कुठे असतात, कुठल्या खळग्यातलं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं, कुठे बिबट्याचा वास येतो म्हणून वळसा घालायचा, हे सगळं त्या कुत्र्याने ठरवलं. बेड्याशी पोचला की तो बसे. मास्तर बांबू सरकवत, तो आत जाई, आणि मास्तर बांबू परत लावेपर्यंत पलीकडे थांबे. गुरं बागेत शिरू नयेत म्हणून बेडं लावायचं असतं, हे कित्येक मुंबईकरांना शेवटपर्यंत कळलं नाही. खंड्याला आठवड्यात कळलं.

याच दशकात रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे गावोगावचे सडे पालथे घालत होते. कातळात कोरलेली शेकडो चित्रं त्यांनी आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेने नोंदवली. उक्षीचा हत्ती, कशेळीचा त्याहून कितीतरी मोठा हत्ती, ज्याच्या आकृतीच्या आत इतर प्राणी कोरलेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस. गुराख्यांना यातलं बरंच आधीपासून ठाऊक होतं, पण गुराख्यांना विचारतो कोण? २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत गोव्याचं फणसायमळही आलं. मास्तरांच्या सड्यावर एक लहानसा मासा आहे, हातभर लांबीचा, कुठल्याही यादीत नसलेला. शाळेची पोरं त्याच्या पोटावर डबे सोडायची. खंड्या उन्हं चढली की त्याच्याशेजारी आडवा होई, कारण तिथे कातळाला जरा उतार आहे आणि वारा लागतो.

जगाला सडा मौल्यवान वाटू लागला त्याच वर्षांत तो तुकड्यातुकड्यांनी विकला जात होता, यातला विनोद मास्तरांना फार उशिरा समजला. सातबाऱ्यावर या जमिनीचा शेरा ‘पोटखराब’. सरकारी नकाशात ती पडीक. जिथे काहीच पिकत नाही ती जमीन कुणी मागितली तर नाही कशाला म्हणायचं, हा हिशेब घरोघरी झाला. २०१७ मध्ये नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना निघाली तेव्हा आसपासच्या तालुक्यांत दलालांच्या गाड्या फिरू लागल्या. मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली, गाड्या थांबल्या नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला लोकांनी विरोध केला, बायका उन्हात कातळावर बसून राहिल्या, ती दृश्यं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. पण जे प्रकल्पाशिवाय, मोर्चाशिवाय, गुपचूप नोंदणी कार्यालयात होतं त्याचं चित्रीकरण करायला कोणी येत नाही. ‘सी-व्ह्यू प्लॉट’ असा फलक आधी लागतो. मग गडगा मोडतो, मग लोखंडी खांब, तारा, आणि त्या तारांमागे हिरवळ उगवण्यासाठी बाहेरून आणलेले मातीचे ढीग. सीतेची आसवे त्या मातीखाली गाडली जातात. तक्रार करायची कुणाकडे? कागदोपत्री तिथे काही नव्हतंच.

इथे मास्तरांची बाजू लावून धरण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. बेड्याच्या पलीकडचा तुकडा त्यांच्याच घराण्याचा, सामाईक. २०१८ मध्ये चुलतभावांनी विकायचं काढलं, मास्तरांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी सही केली. पैसे धाकट्या मुलाच्या पुण्यातल्या घरात गेले. वाटेबद्दल खरेदीखतात एक ओळ घालून घ्यावी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. वाट पायांची होती. कागदावर ती कधी लिहिलेलीच नव्हती.

दोन-तीन वर्षं नवा मालक फिरकला नाही, म्हणून फरक जाणवला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने खालच्या बागांतली कलमं आडवी केली. त्याच पावसाळ्यानंतर कुंपण उभं राहिलं. बेडं गेलं आणि दीडशे पावलं डावीकडे निळं फाटक आलं. मास्तर त्या दिवसापासून डांबरी रस्त्याने फिरू लागले. खंड्या मागोमाग जाई, पण पाखाडीच्या तोंडाशी रोज एकदा थांबून वर बघे.

त्या सप्टेंबरच्या सकाळी पाखाडी चढायला दोघांना पाऊण तास लागला. दर दहा पायऱ्यांवर विसावा. शेवटच्या वळणावर खंड्याचे मागचे पाय लटपटले, तेव्हा मास्तरांनी त्याला उचललं. वजन इतकं उतरलं होतं की सत्तरीतल्या माणसाला जमलं. वर पोचल्यावर तो खाली उतरला, तारेच्या कडेकडेने हुंगत गेला, आणि कुंपणाच्या अगदी बरोबर त्या जागी, जिथे बेडं होतं, पुढचे पाय जोडून बसला. बांबू सरकवायची वाट बघत.

“अरे, इथनं नाही रे आता,” मास्तर म्हणाले. खंड्या हलला नाही.

आतून रखवालदार आला. आंब्याच्या बागांत राखणीला येतात तसा नेपाळचाच. चार हंगाम इथे काढल्यामुळे मराठी बऱ्यापैकी. त्याने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माणसाकडे.

“मास्तर, फाटक तिकडे. मी उघडतो.”

“मालक काही म्हणतील.”

“मालक मे महिन्यात येतो. हा म्हातारा तिकडपर्यंत चालेल काय?”

चालला नसता. रखवालदाराने जरा विचार केला, पक्कड आणली, खालच्या दोन तारा सोडवल्या आणि वर धरल्या. खंड्या पोट घासत आत गेला. मास्तर ओणवे होऊन, स्वतःच्याच जुन्या जमिनीत, धोतराचा सोगा तारेत अडकवून घेत शिरले. खंड्या पलीकडे थांबला होता.

माशापर्यंत ते गेले नाहीत. त्या बाजूला मातीचा ढीग होता. रखवालदाराने झोपडीतून ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी आणून ठेवलं. खंड्याने टोप तळापर्यंत चाटून साफ केला आणि मान वर केली.

“आजारी आहे,” मास्तर म्हणाले. “अजून एक टोप आण.”