अर्धवट वाक्य समजून घेणारा एडिटर

जावामध्ये प्रोग्राम लिहिताना स्ट्रिंग प्रकारच्या व्हेरिएबलपुढे डॉट द्या. पापणी लवायच्या आत यादी उघडते: लेंग्थ, सबस्ट्रिंग, टू-अपर-केस. हजारो फंक्शन्समधून नेमकी त्या स्ट्रिंगवर चालणारी!

खरं नवल पुढेच आहे. त्या क्षणी तुमचा प्रोग्राम चुकलेला असतो. डॉटपुढे काही नाही, सेमीकोलन नाही, कधी कंसही मिटलेला नाही. असा कोड कंपाइल करायला गेलात तर एररच मिळेल. एडिटरला मात्र त्याच मोडक्या वाक्यातून अर्थ काढायचा असतो. म्हणून त्याचा पार्सर, म्हणजे कोडची रचना वाचणारा भाग, चुकीपाशी अडून बसत नाही. राहिलेली जागा रिकामी धरून तो पुढचा सेमीकोलन किंवा महिरपी कंस गाठतो आणि तिथून वाचन पुन्हा सुरू करतो.

मग शोध सुरू होतो तो टाइपचा. हे व्हेरिएबल कुठे जाहीर केलं, कोणत्या क्लासचं, त्या क्लासचा पालक कोण, त्या पालकाचा पालक कोण? गावच्या जुन्या जाणत्याने नाव ऐकताच सगळं घराणं सांगावं, तसा एडिटर ही साखळी चढत जातो. जावातला प्रत्येक क्लास शेवटी ‘ऑब्जेक्ट’ या क्लासपाशी पोहोचतो, म्हणूनच तुम्ही कधीही न लिहिलेली इक्वल्स आणि हॅशकोड ही फंक्शन्सही यादीत हजर असतात. प्रायव्हेट फंक्शन्स बाहेरून दिसत नाहीत, क्लासच्या आत मात्र दिसतात. याच माहितीच्या जोरावर ‘रिनेम’ म्हणताच नेमकं तेच फंक्शन सगळीकडे बदलतं. संबंध नसलेल्या दुसऱ्या क्लासमधल्या त्याच नावाच्या फंक्शनला धक्का लागत नाही.

मायक्रोसॉफ्टने यादी सुचवण्याची ही सोय 1990च्या दशकात ‘इंटेलिसेन्स’ नावाने घरोघरी नेली. तरीही प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. 10 एडिटर आणि 20 भाषा म्हणजे 200 जोडण्या! 2016मध्ये ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ खुला झाला. आता भाषेची जाण वेगळ्या सर्व्हरमध्ये राहते आणि एडिटर त्याला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारतो. 10 एडिटर अधिक 20 सर्व्हर: 200चं काम 30वर आलं.

नवी लायब्ररी हाती आली की घाईने पहिलं नाव निवडू नका. डॉट द्या, यादी शेवटपर्यंत वाचा, कोणतं फंक्शन काय मागतं आणि काय परत देतं ते पाहा. क्लास लिहिणाऱ्याने काय विचार केला होता, हे समजून घेण्याची याहून सोपी सुरुवात नाही.