खुंटीवरचे हेल्मेट

गेल्या पावसाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात बल आणि गती या विषयावर बोलायला गेलो होतो. तास संपल्यावर शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेतल्या बाई थांबल्या. म्हणाल्या, "सर, आमच्याकडे बरीच मुले-मुली सायकलने येतात. मागच्या महिन्यात आठवीतला एक मुलगा खड्ड्यात चाक जाऊन पडला. डोक्याला सहा टाके पडले. आता शाळेत ठरत आहे की हेल्मेट नसेल तर सायकल फाटकाच्या आत घ्यायची नाही. हे बरोबर आहे ना?"

"अर्थातच बरोबर," मी लगेच सांगून टाकले.

संध्याकाळी घरी आलो, सायकल जिन्याखाली लावली, आणि दाराजवळ खुंटीला टांगलेले माझे स्वतःचे हेल्मेट दिसले. एखाद्या रविवारी मित्रांबरोबर घाटात जाताना मी ते न चुकता घालतो. रोज प्रयोगशाळेत जाताना मात्र ते खुंटीवरच असते. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, म्हणून! मग हिशेब केला. वर्षातले २५० दिवस, रोज ये-जा मिळून ६ किलोमीटर, म्हणजे १,५०० किलोमीटर. घाटातल्या दहा रविवारांचे मिळून ६०० किलोमीटरही होत नाहीत. म्हणजे माझे डोके जास्तीत जास्त अंतर उघडेच जाते, तेही बस, रिक्षा आणि मोटारींच्या गर्दीतून. बाईंना इतक्या खात्रीने उत्तर देण्याआधी मी विचार करायला हवा होता. तो विचार येथे मांडतो आहे.

डोके आणि दोन सेंटीमीटर

आधी पदार्थविज्ञान पाहू. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. सायकल जागच्या जागी कलंडली तरी हे डोके दीड मीटरवरून खाली येऊ शकते. v² = 2gh या सूत्रात h = १.५ मीटर घाला. जमिनीला टेकतानाचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटर येतो. "मी हळूच चालवतो" असे म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. डोक्याचा हा वेग पेडल मारण्याने येत नाही, तो गुरुत्वाकर्षणाने येतो.

आता हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते, हा खरा प्रश्न. सरासरी ऋण त्वरण काढण्याची सोपी रीत आहे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. उत्तर गुरुत्व त्वरणाच्या पटीत मिळते. डांबरी रस्त्यावर उघडे डोके अर्ध्या सेंटीमीटरात थांबले असे समजू. १५० भागिले ०.५ म्हणजे ३०० पट. मध्ये दोन सेंटीमीटर दबणारा थर असेल तर १५० भागिले २ म्हणजे ७५ पट. मेंदूच्या दृष्टीने या दोन संख्यांत फार मोठे अंतर आहे. वेगात आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, त्यामागचे तत्त्व हेच.

हेल्मेटच्या आतला तो थर म्हणजे आपल्या ओळखीचा थर्माकोल, फक्त अधिक घट्ट दाबलेला. युरोपातील मानकानुसार चाचणीत हेल्मेट घातलेले कृत्रिम डोके सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने सपाट ऐरणीवर आपटतात. त्या वेळचे कमाल ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या २५० पटींहून जास्त जाता कामा नये. वेगाचा आकडा ओळखीचा वाटला ना? दीड मीटरवरून पडण्याचाच तो वेग आहे.

वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. एक कच्चे अंडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून फरशीवर आधी अगदी थोड्या उंचीवरून सोडा आणि उंची दोन-दोन सेंटीमीटरने वाढवत न्या. कोणत्या उंचीला ते तडकते याची नोंद करा. दुसरे अंडे याच रीतीने थर्माकोलच्या जाड तुकड्यावर सोडा. शेवटी थर्माकोलवर पडलेला खळगा मुलांना दाखवा. तो भरून येत नाही. म्हणूनच जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे लागते.

याच गणितातून हेल्मेटची मर्यादाही कळते. ताशी ५० किलोमीटर वेगातील आघाताची ऊर्जा चाचणीतल्या ऊर्जेच्या सहापटींहून जास्त असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन सेंटीमीटर थर्माकोलकडून सगळ्याच अपघातांत संरक्षण मिळेल अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

इस्पितळातले आकडे

हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्ष रस्त्यावर काय घडते? या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील सिएटल शहरात झाला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. सायकल अपघातात डोक्याला इजा झालेले २३५ जण संशोधकांनी घेतले. तुलनेसाठी त्यांनी त्याच इस्पितळांच्या अपघात विभागात आलेले ४३३ सायकलस्वार निवडले. हेही पडलेच होते, पण यांचे हात, पाय, गुडघे दुखावले होते, डोके नाही. पहिल्या गटात अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले ७ टक्के होते, दुसऱ्या गटात २४ टक्के. वय, उत्पन्न, शिक्षण, सायकल चालवण्याचा अनुभव, अपघाताची तीव्रता यांतले फरक गणिताने वजा केल्यावर निष्कर्ष निघाला की हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो.

हा आकडा जगभर फिरला. पुढे मात्र शंका निघाल्या. हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असेल तर? असे फरक सगळे वजा करता येतात का? नंतरच्या अभ्यासांत फायदा दिसला, पण इतका मोठा नाही. २०१७ मध्ये अशा ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जखमी सायकलस्वारांची संख्या ६४,००० हून अधिक होती. त्यानुसार हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याच्या इजेची शक्यता सुमारे निम्मी आणि गंभीर इजेची जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी आढळली. तेव्हा पडल्यावर हेल्मेट उपयोगी पडते का, या प्रश्नाचे उत्तर "होय" असेच आहे.

बाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांचा प्रश्न सक्तीचा होता.

मेलबर्नचा धडा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून प्रत्येक सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले. संपूर्ण राज्यात असा कायदा करण्याची ही पहिलीच वेळ. मार्च १९९० मध्ये ३१ टक्के लोक हेल्मेट घालत होते, वर्षभरात ते प्रमाण ७५ टक्क्यांवर गेले. डोक्याला मार लागून मृत्यू पावलेल्या किंवा इस्पितळात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विमा दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी व दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले.

येथेच थांबलो तर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. ज्यांच्या डोक्याला काहीही झाले नव्हते अशा सायकलस्वारांचे मृत्यू व दाखल होणेही त्या दोन वर्षांत २३ आणि २८ टक्क्यांनी कमी झाले. विद्यार्थ्यांना विचारा : हेल्मेटने पायाचे हाड कसे वाचले?

हेल्मेटने ते वाचणार नाही. मग दोनच शक्यता उरतात. रस्ते अधिक सुरक्षित झाले असतील, किंवा रस्त्यावर सायकलीच कमी झाल्या असतील. दोन्हींना पुरावा आहे. त्याच सुमारास त्या राज्यात वेग टिपणारे कॅमेरे आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्धची मोहीम जोरात सुरू झाली होती. दुसरीकडे, मेलबर्नमध्ये ठरावीक ठिकाणी केलेल्या मोजणीत मे १९९० मध्ये ३,१२१ सायकलस्वार दिसले होते, तर मे १९९१ मध्ये २,०११. म्हणजे ३६ टक्के घट! सर्वांत जास्त गळाले ते किशोरवयीन.

आता भागाकार करून पाहू. पहिल्या वर्षी इतर इजा १०० वरून ७७ वर आल्या आणि डोक्याच्या इजा १०० वरून ५२ वर. ५२ भागिले ७७ म्हणजे ०.६८. सर्वांना सारख्या लागू असलेल्या कारणांचा वाटा काढून टाकल्यावर उरलेली घट साधारण एक तृतीयांश आहे, निम्मी नाही. हेल्मेटचा फायदा खोटा ठरत नाही, फक्त त्याचे माप बदलते. आणि सायकल सोडून दिलेल्या मुलांचा व्यायाम बुडाला, स्वतःहून कुठे जाण्याची मोकळीक गेली, याची नोंद कोणत्याही विमा दाव्यात होत नाही.

एकच शहर, दोन सवयी

सिएटलभोवतालच्या किंग परगण्यात १९९३ मध्ये हेल्मेट सक्तीचे झाले. सिएटल शहराला हा नियम २००३ पासून लागू झाला. पुढे तेथे भाड्याच्या सायकली आल्या. कुठूनही उचलायच्या, कुठेही सोडायच्या. २०१८ च्या सुमारास संशोधकांनी रस्त्यात उभे राहून मोजले. स्वतःच्या सायकलीवर असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या डोक्यावर हेल्मेट होते. भाड्याच्या सायकलीवर पाचांत एकाच्या. शहर तेच, कायदा तोच, डोकी तितकीच नाजूक. फरक एवढाच की भाड्याची सायकल अचानक घेतली जाते आणि त्या वेळी हेल्मेट जवळ नसते. माझ्या खुंटीची गोष्ट हीच तर आहे. रोजच्या छोट्या फेरीला माणूस धोक्याचा हिशेब करून निघत नाही. हाताशी जे असेल ते घेऊन निघतो.

याच परगण्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो कायदा मागे घेतला. हेल्मेट निरुपयोगी ठरले म्हणून नाही. पोलिसांचा दंड बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर अधिक प्रमाणात पडत असल्याचे दिसून आले म्हणून. हेल्मेट घाला, हा सल्ला तेथे आजही दिला जातो.

सक्तीशिवाय सवय लागू शकते का? डेन्मार्कमध्ये प्रौढांना सक्ती नाही. २००४ मध्ये तेथील शहरांत जेमतेम ६ टक्के सायकलस्वार हेल्मेट घालत, २०२२ पर्यंत ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. शाळकरी मुलांत तर ते त्याहून जास्त आहे. नेदरलँड्सने वेगळीच वाट धरली. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आई-वडील रस्त्यावर उतरले. त्यांनी मुलांच्या डोक्यावर टोप्या मागितल्या नाहीत, मोटारींना लगाम मागितला. वेगळे सायकलमार्ग झाले, वस्तीतला वेग ताशी ३० किलोमीटरवर आणला गेला. आज तेथील चार फेऱ्यांपैकी एकाहून जास्त सायकलवर होते आणि हेल्मेट क्वचितच दिसते. पण ही वाटही परिपूर्ण नाही. २०२२ मध्ये तेथे २९१ सायकलस्वार मृत्युमुखी पडले, त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. म्हणून आता तेथील सरकारही हेल्मेट वापरण्याचे आवाहन करते आहे.

बाईंना लिहिलेले पत्र

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती मोटारसायकल व स्कूटरला आहे, सायकलला नाही. म्हणजे शाळेचा नियम हा शाळेचाच निर्णय. मी बाईंना पत्र लिहिले आणि माझे उत्तर दुरुस्त केले.

हेल्मेट जरूर घालायला लावा, पण फाटक बंद करू नका, असे मी लिहिले. ज्या घरात नवे हेल्मेट परवडत नाही तिथली मुलगी हेल्मेट घेणार नाही. ती सायकल घरी ठेवेल, आणि कदाचित हळूहळू शाळाही. त्याऐवजी आठवडाभर फाटकाशी मुलांनाच मोजणी करू द्या. किती सायकली, किती हेल्मेटे, आणि ज्यांनी घातले नाही त्यांचे कारण काय. शाळेजवळचा धोक्याचा खड्डा आणि चौक नकाशावर नोंदवून तो नकाशा पालिकेकडे पाठवा. त्या मुलाचे चाक खड्ड्यात गेले होते, हे विसरू नका. आणि हेल्मेट नीट बसवायला शिकवा : पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे, हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. मागे सरकवलेले किंवा पट्टा सोडलेले हेल्मेट असून नसल्यासारखेच.

महिन्याने उत्तर आले. मुलांनी दिलेल्या कारणांत "भीती वाटत नाही" हे कारण फारसे नव्हतेच. वर्गात ठेवायला जागा नाही, सायकलला अडकवले तर चोरीला जाते, आणि मुलींचे म्हणणे, दोन वेण्या वर बांधल्यावर ते डोक्यात बसतच नाही! बाईंनी वर्गाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग ठोकून घेतली होती. वेण्या खाली सोडायला परवानगी मिळाली होती. खड्ड्यासाठीचा अर्ज पालिकेत पडून होता, पण मुले दर सोमवारी त्याची चौकशी करत होती.

त्या रात्री मी माझी खुंटी उपटली आणि जिन्याखाली, सायकलच्या हँडलच्या बरोबर वर ठोकली. आता सायकल काढायची तर आधी हेल्मेट हातात घ्यावेच लागते.