शिंगाड्याचे पीठ आणि पनीर : उपवासाच्या ताटाचा ताळेबंद

नवरात्राची चाहूल लागते त्याच सुमारास जबलपूरच्या भाजीबाजारांत हिरव्या-तांबड्या शिंगाड्यांचे ढीग दिसू लागतात. पुढे थंडी वाढत जाते तसे हातगाड्यांवर उकडून काळे पडलेले शिंगाडे येतात आणि त्यानंतर किराणा दुकानांत नव्या पिकाचे पीठ. जिल्ह्यातील सिहोरा येथील बाजार या मालासाठी विशेष ओळखला जातो. ‘बावन्न तलावांचे शहर’ अशी जबलपूरची जुनी ख्याती; आधारताल, रानीताल, चेरीताल ही वस्त्यांची नावे त्या तलावांचीच आठवण देतात. त्यांतील कित्येक तलाव आज बुजले असले, तरी आसपासच्या गावांतील तळ्यांत शिंगाड्याचे वेल अजूनही पाण्यावर पसरतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि पुढे १९५६ पर्यंतचा बराच काळ नागपूर हीच त्याची राजधानी होती. त्यामुळे येथील मराठी कुटुंबांच्या उपवासाच्या ताटात दोन परंपरा सहज एकत्र नांदतात. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात व दाण्याची आमटी ही घरची मिरास. शिंगाड्याची पुरी, खोव्याची जिलबी आणि अलीकडे पनीर ही शहराची देणगी. काही घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया मात्र पनीराला अजूनही नाक मुरडतात. दूध मुद्दाम नासवायचे आणि ते उपवासाला खायचे, हे त्यांच्या मनाला पटत नाही.

तरीही पनीर की शिंगाडा, हा प्रश्न आता केवळ रुचीचा राहिलेला नाही. चातुर्मासात आठवड्यातून दोन-दोन उपवास करणाऱ्या साठीच्या गृहिणीला दुपारनंतर गळून गेल्यासारखे का होते, याचे एक उत्तर तिच्या ताटातच असते. साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, प्रथिने मात्र जेमतेम ०.२ ग्रॅम. वाढत्या वयात स्नायू झिजू लागतात. नेमक्या त्याच काळात आठवड्यातील दोन दिवस प्रथिनांवाचून जातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांत वाळलेल्या शिंगाड्याची नोंद अशी आहे : शंभर ग्रॅममध्ये ३३० कॅलरी, १३.४ ग्रॅम प्रथिने, ०.८ ग्रॅम स्निग्धांश, ६८.९ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि ७० मिलिग्रॅम कॅल्शियम. गाईच्या दुधाच्या छन्याची, म्हणजे न दाबलेल्या पनीराची, नोंद २६५ कॅलरी, १८.३ ग्रॅम प्रथिने, २०.८ ग्रॅम स्निग्धांश, अवघे १.२ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व २०८ मिलिग्रॅम कॅल्शियम अशी आहे. म्हशीच्या दुधाच्या छन्यात प्रथिने कमी, १३.४ ग्रॅम, पण कॅल्शियम ४८० मिलिग्रॅम आहे.

हे आकडे शेजारी मांडले की प्रथिनांत पीठ आणि पनीर फारसे दूर नाहीत, असा समज होतो. हिशेबातली खरी गफलत येथेच आहे. पीठ कोरडे असते. छन्याचा मात्र निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो. दोहोंतील पाणी वजा करून पाहिले, तर पिठाच्या घनभागात प्रथिनांचा वाटा सुमारे १५ टक्के भरतो आणि गाईच्या दुधाच्या छन्यात तो ४० टक्क्यांच्या वर जातो. शिवाय पीठ कोणी तसेच खात नाही. पन्नास ग्रॅम पिठाचा शिरा पाणी, तूप व साखर घेऊन वाडगाभर होतो, आणि त्यात पिठाकडून आलेली प्रथिने असतात ६-७ ग्रॅम. पन्नास ग्रॅम छन्यातून ९ ग्रॅम मिळतात व तीही दुधाची, म्हणजे शरीराला आवश्यक असलेली सर्व अमिनो आम्ले पुरवणारी.

म्हणून पीठ टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. साबुदाण्याच्या तुलनेत ते कितीतरी सरस आहे. त्यात गव्हातील ग्लुटेन नसल्याने ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनाही ते चालते. स्निग्धांश नगण्य आहे. अर्थात पुरी तळली की हा लाभ कढईतच राहतो. दुसरीकडे पनीरातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो, हे हृदयविकाराच्या रुग्णांनी विसरू नये. खोव्याची गोष्ट त्याहूनही पुढची : म्हशीच्या दुधाच्या खोव्यात कॅल्शियम भरपूर, ६५० मिलिग्रॅम असले, तरी स्निग्धांश ३१ ग्रॅम आणि कॅलरी ४२१. जिलबीच्या पाकाचा हिशेब तर वेगळाच मांडावा लागेल.

मधुमेहींनी एका गोष्टीची विशेष खबरदारी घ्यावी. शिंगाड्याच्या इंग्रजी नावात ‘चेस्टनट’ हा शब्द असल्याने त्याचे पीठ बदामाच्या पिठासारखेच असावे, असे अनेकांना वाटते. वास्तविक शिंगाडा हे एका पाणवनस्पतीचे पिष्टमय फळ आहे. बदामात शंभर ग्रॅममागे पिष्टमय पदार्थ साडेदहा ग्रॅम असतात, शिंगाड्याच्या पिठात त्याच्या सहापटींहून अधिक. रक्तशर्करेच्या दृष्टीने हे पीठ धान्याच्याच पंगतीत बसवायला हवे. उपवासाच्या दिवशी औषधाची मात्रा काय ठेवावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आणि कवचफळाच्या पिठाचाच शोध असेल, तर मराठी स्वयंपाकघरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेच : दाण्याचे कूट! वनस्पतिशास्त्र भुईमुगाला डाळींच्या कुळात बसवते, ही गोष्ट निराळी. शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिने आणि ४० ग्रॅम स्निग्धांश असतो. शिंगाड्याच्या पिठात उकडलेला बटाटा, मूठभर कूट आणि कुस्करलेले पनीर घालून तव्यावर थालीपीठ लावले व सोबत दही घेतले, तर उपवासही सांभाळला जातो आणि प्रथिनांची तूटही बरीचशी भरून निघते.

खरेदीच्या वेळी थोडे डोळस असावे. खाद्यसुरक्षेच्या नियमांनुसार पनीरात पाणी ६० टक्क्यांहून अधिक असता कामा नये आणि घनभागाच्या निदान निम्मा दुधाचा स्निग्धांश हवा. वनस्पती-तेल वापरून केलेला पदार्थ पनीर म्हणून विकता येत नाही. तेव्हा वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. जमल्यास घरीच दूध फाडणे उत्तम. ताजे शिंगाडे तळ्याच्या पाण्यातून येतात. ते दाताने सोलू नयेत, धुऊन उकडूनच खावेत. अशा पाणवनस्पतींच्या सालीवरून आतड्यातील कृमींचा संसर्ग होऊ शकतो.

पिठाचे वय मात्र पुडीकडे नुसते पाहून कळत नाही. शिंगाड्याचे पीक शरद-हेमंतातले. म्हणजे आषाढी एकादशीला डब्यातून निघणारे पीठ बहुधा सात-आठ महिन्यांपूर्वीच्या मालाचे असते. पावसाळी हवेत त्याला ओल लागते, बुरशी धरते, जाळी होते. वास कुबट आला किंवा चव कडवट लागली, तर ते चाळून वापरण्याचा मोह टाळावा. महाशिवरात्रीला लागेल तेवढेच दळून ठेवावे आणि उरलेले वाळके शिंगाडे अख्खेच हवाबंद डब्यात भरावेत.