शौचालयाची वाहती टाकी : कारणे आणि दुरुस्ती

रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महाड व पोलादपूर या तालुक्यांत पाऊस विपुल पडतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडकडे येते आणि जुलै २०२१ मधील महापुराप्रमाणे प्रसंगी शहरातही शिरते. तरीही उन्हाळ्यात डोंगरकुशीतील वाड्यांना टँकरची प्रतीक्षा करावी लागते, कारण तीव्र उताराच्या खडकाळ भूमीत पाणी मुरत नाही, ते वाहून जाते. सार्वजनिक पाण्यावरील हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी ज्या महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेथे पाण्याचे मोल कोणास सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र शाळा, दवाखाना वा कार्यालयाच्या शौचालयात कोणी नसताना टाकी आपोआप भरू लागल्याचा आवाज आला, तर तिकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

घरोघरच्या साध्या शौचालयात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे कोंबड्याचे भांडे असते आणि एकदोन लिटर पाणी ओतले की काम भागते. प्रश्न आहे तो फ्लशच्या टाकीचा. या टाकीत दोन झडपा असतात. एक पाणी आत घेते. तिला जोडलेला तरंगता गोळा पाण्याबरोबर वर चढतो आणि ठराविक पातळीस झडप बंद करतो. दुसरी तळाशी असून कळ वा बटण दाबताच पाणी शौचपात्रात सोडते. धरणाला जसा सांडवा, तशी टाकीत एक उभी सांडनळीही असते. पातळी प्रमाणाबाहेर गेल्यास जादा पाणी तिच्यातून मुकाट्याने पात्रात उतरते. मुकाट्याने, म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

टाकी थोड्या थोड्या वेळाने आपोआप भरत असेल तर दोष तळच्या झडपेत असतो. तिचे रबर कडक झाले किंवा त्याखाली रेतीचा कण अडकला की पाणी झिरपते, पातळी उतरते, गोळा खाली येतो आणि वरची झडप उघडते. पाणी अखंड वाहत असेल तर बहुधा वरच्या झडपेचा वायसर झिजलेला असतो किंवा गोळा फार उंच बांधलेला असतो. दोहोंतील भेद ओळखण्यास कारागीर लागत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे शौचालय वापरू नये. पातळी सांडनळीच्या तोंडाखाली असताना पात्रात रंग उतरला, तर गळती तळाची समजावी.

गळती किती, हेही मोजता येते. स्टॉपकॉक बंद करून पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि दहा मिनिटांनी खुणेपर्यंत मापाने पाणी घालावे. पाच लिटर लागले, तर मिनिटास अर्धा लिटर, म्हणजे दिवसास ७२० लिटर पाणी जात आहे. जलजीवन अभियानाने ग्रामीण भागासाठी धरलेल्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हा तेरा माणसांचा वाटा होय. शनिवारी दुपारी भरलेली शाळेची टाकी सोमवारी सकाळी कोरडी निघते, आणि मुलींच्या शौचालयाला कुलूप लागते ते पाणीटंचाईच्या नावाखाली. शिवाय हे पाणी सेप्टिक टाकीत अविरत शिरत राहिल्याने मैला कुजण्यापूर्वीच बाहेर ढकलला जातो. शोषखड्डा असेल तर तो पावसाळ्यात लवकर तुंबतो.

दुरुस्तीसाठी प्रथम स्टॉपकॉक बंद करून टाकी रिकामी करावी. तळच्या झडपेचे रबर व ते बसते ती कड बोटाने चाचपून फडक्याने स्वच्छ पुसावी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले असेल, तर अनेकदा एवढ्यानेच काम होते. रबर कडक वा वाकडे झाले असल्यास बदलावे. नवे आणताना जुने सोबत न्यावे, कारण मापे निरनिराळी असतात. साखळी असल्यास ती ताणलेली नसावी आणि झडपेखाली सापडेल इतकी लांबही नसावी. बटणाच्या टाकीतील उभा सांगाडा सामान्यतः किंचित फिरवला की सुटतो. त्याच्या बुडाशी वायसर असतो. पाणी वरून वाहत असेल, तर गोळा खाली घेऊन पातळी सांडनळीच्या तोंडापासून दोनतीन सेंटिमीटर खाली ठेवावी. गोळ्यात पाणी शिरले असेल, तर तो बदलण्यावाचून इलाज नाही. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनी रबर लवकर खराब होते. त्या न वापरणेच बरे.

जुन्या विश्रामगृहांत भिंतीवर उंच बसविलेल्या, साखळीच्या बिडाच्या टाक्या क्वचित दिसतात. त्यांत तळाशी झडप नसते, वक्रनलिकेने पाणी खेचले जाते; तेव्हा तेथे प्रथम गोळ्याची झडपच तपासावी.

दुरुस्तीचा खर्च अल्प असतो. अडचण असते ती हे काम नेमके कोणाचे, याची. अंदाजपत्रकात बसण्याइतके ते मोठे नाही आणि शिपायाच्या कामांच्या यादीतही ते नसते. ग्रामपंचायतीने नळपाणी कर्मचाऱ्यास दोनचार वायसर, एक रबर व एक गोळा आगाऊ घेऊन द्यावा आणि शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र येथील टाक्या महिन्यातून एकदा पाहण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. दुरुस्तीनंतर सायंकाळी स्टॉपकॉक बंद करून पातळीवर खूण करावी व सकाळी पाहावी. पाणी खुणेवरच असेल, तर झडप नीट बसली आहे.