विजेची मोटार, हमी आणि दुरुस्तीचा अंदाज



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. जिंतूर तालुक्यातील एका शाळेत शिकविणारे माझे एक स्नेही आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. गुरुजींनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचलून विजेवर चालणारी मोटार घेतली. घर ते शाळा जाऊन-येऊन रोजचे साठ किलोमीटर. पेट्रोलचा पैसा वाचेल, हा साधा हिशेब. दोन वर्षे गाडी गुणाने चालली. मग एका पावसाळी सकाळी ती सुरूच होईना. समोरच्या पडद्यावर तांबडा इशारा तेवढा दिसे. अशा गाडीला टोचन लावून ओढू नये, कारण चाकांबरोबर आतील मोटर फिरते आणि वीज निर्माण होऊन बिघाड वाढू शकतो. म्हणून गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून दूरच्या शहरातील दुरुस्ती केंद्रात न्यावी लागली. चौथ्या दिवशी तिथून कागद आला : बॅटरी बदलावी लागेल, खर्च ६,८०,००० रुपये, बाहेरील आघातामुळे हमी लागू नाही, खाली सही करून पाठवा.

त्या रात्री गुरुजींच्या घरी कोणी धड जेवले नाही. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम तेवढीच होती. मला म्हणाले, "सर, गाडी हमीत आहे ना? मग एवढा खर्च कशाचा? आणि हमी तरी कशाची?"

गुरुजींचा हा प्रश्न आज पुष्कळांचा आहे, म्हणून आज त्याचाच विचार करू.

पहिली गोष्ट ही, की दुरुस्तीचा अंदाज म्हणजे बिल नव्हे आणि निकालही नव्हे. आपण ज्याला 'इस्टिमेट' म्हणतो त्या एका कागदात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. काय बिघडले? का बिघडले? आणि पैसे कोणी द्यायचे? या तिघांची उत्तरे वेगवेगळी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. माझ्या सांगण्याचे सार एवढेच. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण समजा.

आता 'काय बिघडले' हे पाहू. विजेच्या मोटारीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. ती मोजतात किलोवॅट-तासांत, म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरील युनिटांतच. पुण्याजवळ रांजणगावात तयार होणारी टाटांची नेक्सॉन ही विजेची गाडी २०२० साली बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. परंतु बॅटरी म्हणजे एकच एक दगड नव्हे. एका पेटीत पुष्कळ लहान घट, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, तारा, जोड आणि थंड ठेवण्याची सोय असते. पेटीबाहेर चार्जर, मोटर, थंड हवेचा कॉम्प्रेसर आणि त्यांना जोडणाऱ्या जाड नारिंगी तारा. यांपैकी कुठेही विजेची गळती झाली, की गाडी स्वतःला बंद करून घेते आणि पडद्यावर इशारा येतो. तो इशारा 'गळती आहे' एवढेच सांगतो. कुठे आहे, ते शोधावे लागते.

शेतकरी बंधूंना हे सांगायला नको. विहिरीवरची पाणबुडी मोटर चालेना, तर आपण लगेच नवी आणतो का? आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. सगळे तपासून झाल्यावर मोटर वर काढतो. विजेच्या मोटारीतही जाणकार कारागीर एकेक भाग सुटा करून मोजणी करतो. मात्र हे काम घरी किंवा रस्त्याकडेच्या दुकानात करू नये. कित्येक गाड्यांत तीनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो. तिथे चूक झाली तर जिवावर बेतते.

दुसरा प्रश्न 'का बिघडले'. हमी ही एक मोठी छत्री आहे, असे आपल्याला वाटते. वास्तविक त्या अनेक लहान छत्र्या असतात. नेक्सॉनचेच पाहा. २०२० साली बॅटरी व मोटर यांना ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांत जे आधी घडेल तिथवर हमी होती. उरलेल्या गाडीला मात्र ३ वर्षे किंवा १,२५,००० किलोमीटर. २०२५ साली याच कंपनीने काही गाड्यांच्या पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची हमी १५ वर्षांपर्यंत देऊ केली. म्हणजे 'गाडी हमीत आहे' असे मोघम म्हणून भागत नाही. कोणता भाग, किती वर्षे, कोणत्या मालकाला, हे पाहावे लागते. शिवाय हमी असते ती कारखान्यातील दोषाची. दगडाचा मार, पुराचे पाणी, उंदराने कुरतडलेली तार हे सहसा हमीत बसत नाही. वापराने बॅटरीची साठवण हळूहळू घटते, तोही दोष धरत नाहीत. किती घट चालेल ते पुस्तिकेत लिहिलेले असते. ७० टक्के ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आढळते.

म्हणून केंद्राने 'बाहेरील आघात' असे लिहिले, की विचारावे : आघात कुठे झाला? त्याची छायाचित्रे द्या. यंत्राने दाखविलेला बिघाडाचा क्रमांक द्या. आणि त्या आघातामुळेच हा बिघाड झाला हे कशावरून, ते लिहून द्या. खरचटलेला पत्रा आणि बंद पडलेली गाडी एकाच दिवशी दिसली, एवढ्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. तर्कशास्त्राचा हा पहिला धडा शिक्षक बंधुभगिनींना मी काय सांगावा?

तिसरा प्रश्न 'पैसे कोणी द्यायचे'. इथे तीन खिसे आहेत : कंपनीचा, विमा कंपनीचा आणि आपला. कारखान्याचा दोष असेल तर कंपनीचा खिसा. अपघात किंवा पूर असेल तर विम्याचा, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तरच. नुसता दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा इथे उपयोगी पडत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिने हा फरक पुष्कळांना शिकविला असेल. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीवर ५० टक्के घट धरतात. ती टाळायची तर जादा हप्ता भरून 'झिरो डेप' घ्यावे लागते. हे गाडी घेतानाच पाहावे. नाहीतर बैल गेला नि झोपा केला, अशी गत होते. आणखी एक खुबी ध्यानात ठेवा. विजेची गाडी घेताना जीएसटी ५ टक्के लागतो. पण तिची बॅटरी सुटी घ्यायची म्हटली, की तो १८ टक्के होतो. म्हणून अंदाजात वस्तूची किंमत, मजुरी आणि कर या तीन रकमा वेगळ्या दाखवायला सांगा.

आता कायद्याचे दोन शब्द. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध एक आदेश दिला. ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असा त्याचा आशय होता. पुढे त्यावर अपिले झाली, हेही खरे. ग्राहक म्हणून आपला मुख्य आधार म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. गाडी कोणत्याही शहरात अडकलेली असो, जिंतूर-गंगाखेडच्या माणसाला दाद परभणीतच मागता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून सल्ला घ्यावा. बरेच तंटे तिथेच मिटू शकतात.

गुरुजींचे पुढे काय झाले? त्यांनी सही केली नाही. भांडलेही नाहीत. वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात पाच प्रश्न लिहून पाठविले आणि पोच घेतली. केंद्रातील वरिष्ठ कारागिराने पुन्हा एकेक भाग सुटा करून मोजणी केली. गळती निघाली थंड हवेच्या कॉम्प्रेसरमध्ये. बॅटरी शाबूत होती. तिच्या खालच्या पत्र्यावरचा ओरखडा जुनाच, आणि त्याचा या बिघाडाशी संबंध नव्हता. कॉम्प्रेसर हमीत बदलून मिळाला. गाडी वाहून नेण्याचा आणि पत्रा बदलण्याचा खर्च, एकूण अठरा हजारांच्या आत, गुरुजींनी आपल्या खिशातून दिला. तो त्यांचाच होता. एका ठरावीक तपासणीची पावती त्यांनी हरवली होती. ती शोधण्यात आठ दिवस गेले, हाही दोष त्यांनी मोकळेपणाने कबूल केला.

केंद्रातील माणसे लबाड होती, असे मी म्हणत नाही. नवे यंत्र, थोडे जाणकार, पुढे गाड्यांची रांग. अशा वेळी सगळी पेटीच बदलण्याचा अंदाज लिहून टाकणे सोपे असते. विचारणारा भेटला, की तपासणी नीट होते.

शिक्षकांना एक विनंती. वरच्या वर्गात टक्केवारी शिकविताना असे एखादे अंदाजपत्रक फळ्यावर मांडा. वस्तू, मजुरी, कर, घट हे सारे मुलांकडून करवून घ्या. आणि शेवटी विचारा, 'यांतले कोणी काय द्यायचे, आणि का?' उद्या त्याच मुलांच्या घरी असा कागद येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी ती वडिलांना म्हणतील, "बाबा, थांबा. आधी वाचून पाहू."