परदेशातल्या खात्याचं मृत्युपत्र: रजेवर आला की विचाराच



कोकणातल्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस दुबई, शारजा, अबुधाबीत नोकरीला आहे. महिन्याला पैसे येतात, घर चालतं, गटाचा हप्ताही वेळेवर जातो. पण तिथे त्याचं खातं कुठल्या बँकेत आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

तुम्ही म्हणाल, असलं अभद्र कशाला बोलायचं? पण उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर कागदपत्रांसाठी धावपळ आपल्यालाच करावी लागणार.

मृत्यूनंतर खात्याचं काय होतं?

खातेदार वारल्याचं कळलं की तिथली बँक खातं गोठवते. वारस कोण, हे तिथलं कोर्ट ठरवतं. त्याच्या आदेशाशिवाय पैसे निघत नाहीत. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, त्यांची अरबी भाषांतरं, आपल्या सरकारचे आणि त्यांच्या वकिलातीचे शिक्के, हे सगळं करण्यात महिने जातात. घरचा खर्च मात्र थांबत नाही.

"माझ्याकडे त्याचं एटीएम कार्ड आहे" किंवा "मुखत्यारपत्र दिलंय" असं म्हणून निर्धास्त राहू नका. माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं. आणि त्याच्यामागे कार्डाने पैसे काढले तर आपणच अडचणीत येतो.

मृत्युपत्र नसेल तर?

संयुक्त अरब अमिरातीत बिगर-मुस्लिमांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून नवा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धा हिस्सा बायकोला आणि उरलेला अर्धा मुलामुलींना सारखा. मुलं असतील तर आईला त्यात वाटा नाही. आपल्या हिंदू वारसा कायद्यात मात्र आई, बायको आणि मुलं यांना सारखे वाटे मिळतात. वारसांनी मागणी केली तर आपल्या देशाचा कायदाही लावता येतो, पण त्यात वेळ जातो. म्हणजे म्हातारी आई मुलाच्या पैशावर जगत असेल, तर मृत्युपत्रात तिचं नाव हवंच.

मुस्लिम घरांत शरियतप्रमाणे वाटे होतात. मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांशापर्यंत देता येतं, तेही वारस नसलेल्यांना. तरीही खात्यांची आणि देण्याघेण्याची लेखी नोंद त्यांनीही ठेवावी.

मग करायचं काय?

१. तो रजेवर आला की दोघांनी बसून यादी करा: बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांक, विमा, ग्रॅच्युइटी, कर्ज, भिशी. पिन किंवा पासवर्ड लिहू नका.

२. परदेशातल्या खात्याचा मृत्युपत्रात स्पष्ट उल्लेख करा. "माझी सर्व मालमत्ता" एवढ्यावर भागवू नका.

३. बिगर-मुस्लिमांना दुबई किंवा अबुधाबीत मृत्युपत्र नोंदवता येतं. फी आधी विचारून घ्यावी. भारतात केलेलं मृत्युपत्र तिथे दाखवायचं तर भाषांतर आणि शिक्के लागतात.

४. भारतात मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला वाटा मिळणार, त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. स्टँप ड्युटी लागत नाही.

५. दोन देशांत दोन मृत्युपत्रं असतील तर एकाने दुसरं रद्द होऊ नये, हे वकिलाकडून तपासून घ्या.

इथल्या बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून मृत्युपत्र नको, असंही नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण मालक वारसच असतात.

वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. कायद्याने बाईला तिथे मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गटात आपण दहा रुपयांचीही नोंद ठेवतो, ठराव लिहून सह्या घेतो. मग आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब तोंडी कशाला? पुढच्या बैठकीत हा विषय काढा. ज्यांच्या घरचं माणूस बाहेर आहे, त्यांनी यादी केली का, एवढं एकमेकींना नक्की विचारा.